हवेचा पाईप

माझी शाळा चौथीत सुटली. पुढे उमर गेली ती हर्णे बंदरात, बोटींना डिझेल भरण्यात. बॅरलला दोन बुचं असतात, एक मोठं, एक लहान. लहान बूच उघडल्याशिवाय डिझेल धड पडत नाही, गचके खात येतं. आत हवा शिरली की कशी सरळ धार लागते. एवढं मला कळतं, त्याला इंजिनीअर लागत नाही.

बायकोचे गुडघे गेले म्हणून मुलाने घरातच संडास-बाथरूम काढलं. मी हट्ट धरला, संडासाच्या पाईपाला वर हवा पाहिजे. प्लंबर म्हणाला, "आजोबा, एवढ्याशा घराला कशाला?" मी समोर उभा राहून हवेचा पाईप कौलांच्या वर काढून घेतला.

उन्हाळाभर कसला म्हणून वास नाही. पावसात सुरू झाला. फ्लश ओढला की न्हाणीची जाळी गुरगुरायची. जाळीखाली जे पाणी उभं राहतं, तेच मैल्याच्या टाकीचा वास अडवतं. ते सगळं ओढून जायचं आणि घरभर घाण सुटायची.

गणपतीला आठ दिवस राहिले नि मुलगा मुंबईहून आला. गणपती बसतो ती खोली बाथरूमला लागूनच.

"बाबा, तुमच्या त्या पाईपाचाच वास आहे. कापून बुजवतो. आणि गणपती बसल्यापासून जाईपर्यंत बाथरूमला कुलूप." कुलूप नवीन घेऊनच आला होता.

"आणि तुझी आई?"

"जाईल पाच दिवस मागच्या जुन्या संडासात."

"जाईन हो मी, भांडू नका," ती आतून म्हणाली. मागच्या चार पायऱ्या ती बसून बसून उतरते. मी बघितलंय.

मी शिडी लावली. सून खालून ओरडते, "बाबा, उतरा, पडाल!"

"पडलो तर तुझ्याच अंगावर पडेन. नीट धर!"

वर बघतो तर पाईपाच्या तोंडाला निळं प्लास्टिक, सुतळीने आवळलेलं. गाठ बंदरातली. माझीच. आगोटीला, पाऊस तोंडावर आला की, आम्ही दिसेल ते झाकत सुटतो; लाकडं, पंप, खिडक्या. कौलं चाळायला चढलो तेव्हा हेही झाकून मोकळा झालो होतो.

खिशात घालता आलं असतं. नाही घातलं. खाली येऊन मुलाच्या हातात दिलं.

"हे कोणी बांधलं?"

"मी."

तो हसत सुटला. "आणि शहाणपण आम्हाला शिकवता!"

"हस. लहान बूच बंद राहिलं म्हणून कोणी बॅरल फोडत नाही."

जाळीत तांब्याभर पाणी ओतलं. त्यालाच सांगितलं, ओढ फ्लश. ओढला. जाळीतलं पाणी जागचं हललं नाही. परत ओढायला लावला. नाहीच.

त्याचं नवं कुलूप मी मागच्या संडासाला लावलं. किल्ली माझ्या कनवटीला आहे. मागायला अजून कोणी आलेलं नाही.