छोट्या लाइनच्या स्टेशनाची ओळखपरेड

नोकरीत हाताळलेले कितीतरी खून आणि दरोडे आता डोक्यातून पुसट होत चालले आहेत, पण प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या त्या प्रकरणातला एकेक तुकडा मला अजून जसाच्या तसा आठवतो. निवृत्तीला वर्षभर उरले होते. रायपूरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. छत्तीसगडमध्ये ठाण्याच्या प्रभारीला टीआय म्हणतात.

गुरुवारची सकाळ होती. हजेरी आटोपून मी रोजनामचा चाळत होतो. तेवढ्यात साठी ओलांडलेले, उंचेपुरे, इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ आत आले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून समोर उभे राहिले. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते. मूळचे भंडाऱ्याकडचे, राहायला गुढियारीत. मी मराठी आहे हे बाहेर हवालदाराकडून कळले असावे, कारण त्यांनी सरळ मराठीतच सुरुवात केली.

"साहेब, माहं स्टेशन चोरीले गेलं."

आमचा हवालदार अस्सल छत्तीसगडी. त्याने गंभीर चेहऱ्याने विचारले की कोणते स्टेशन, आणि ते आपल्या हद्दीत येते का. मी हसू दाबले आणि त्यांना बसायला सांगितले. ते बसले, पण हात खिशात गेले.

हळूहळू उलगडा झाला. लहान मुले ज्या ठोकळ्यांशी खेळतात, वरच्या गोल दाण्यांवर दुसरा ठोकळा दाबून बसवतात, त्या ठोकळ्यांचा मोठ्या माणसांचाही एक छंद असतो. वेगवेगळे संच घ्यायचे, ते मोडायचे आणि त्यांच्या तुकड्यांतून संचात नसलेले असे काही स्वतःच्या डोक्याने उभे करायचे. गार्डसाहेबांनी अभनपूरचे जुने स्टेशन उभे केले होते. छोट्या, म्हणजे नॅरोगेज लाइनवर त्यांची उमेदीची वर्षे गेली होती, ती लाइन आता राहिली नव्हती. फलाट, तिकीटखिडकी, पाण्याची टाकी, सिग्नल, इंजिन आणि चार डबे. साडेतीन वर्षांचे काम. रविवारी नवा रायपूरच्या एका सभागृहात या छंदातल्या लोकांचे प्रदर्शन होते आणि छोट्या लाइनवरचे त्यांचे जुने सोबती, ड्रायव्हर आणि पॉइंट्समन, खास ते बघायला येणार होते. दोन दिवस ते एका लग्नाला अभनपूरला गेले आणि परत येऊन बघतात तर टेबल रिकामे.

मी सहज म्हणालो, नाहीच सापडले तर पुन्हा बनवता येईल की. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "ते आता माह्या हातून होत नाही, साहेब." वयाचा हिशेब करत असतील, असे मला वाटले.

अर्ज हवालदाराने लिहिला, कारण ते चष्मा विसरले होते. चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात मला दिसत होता. सहीसाठी कागद पुढे केला तर तो घेऊन ते बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने सही करून आणला. सही वेडीवाकडी होती. तक्रारदार काहीतरी लपवतो आहे, हे मी तेव्हाच मनात नोंदवले. काय लपवतो आहे याचा अंदाज मात्र साफ चुकला. मला वाटले, घरातलीच काहीतरी भानगड असणार. म्हणून लगेच गुन्हा न नोंदवता अर्ज चौकशीवर ठेवला.

घर बघून आलो. कुलूप शाबूत, कडी शाबूत. मुलगा भिलाईला नोकरीला, आठवड्यातून एकदा येणारा. घरात सून तेवढी होती. तिला काहीच माहीत नव्हते. तिने दिलेल्या चहात साखर नव्हती. गार्डसाहेबांनी कप उचललाच नाही. तोंड खाली नेऊन पहिले दोन घोट घेतले आणि मग बशी दोन्ही हातांनी धरली. हेही मी पाहिले आणि सोडून दिले.

त्यांचा संशय एकाच माणसावर होता, आणि त्यावर ते ठाम होते. जवळच दवाखाना असलेला एक दातांचा डॉक्टर. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेल्या मराठी घराण्यातला, वयाने दहाबारा वर्षे लहान, त्याच छंदातला आणि एकेकाळचा जिवलग. दर रविवारी दोघे एकत्र बसत. मग भांडण झाले आणि सात महिने बोलणे बंद.

भांडणाचे कारण ऐकून हवालदाराने लिहिणे थांबवले. गार्डसाहेबांचा नियम असा की कारखान्यातून तुकडा जसा आला तसाच वापरायचा. कापायचा नाही, रंगवायचा नाही आणि चिकटवायचा तर मुळीच नाही. तुकड्याने तुकडा धरला पाहिजे. डॉक्टर उलट मताचा. तो दात कोरायच्या यंत्राने तुकडे कोरायचा, घासायचा. एकदा त्याने कवळीच्या मसाल्यातून गार्डसाहेबांच्या इंजिनासाठी हुबेहूब धुराडे बनवून आणले. गार्डसाहेब भडकले. नकली दात लोकांच्या तोंडात बसव, माझ्या इंजिनाला नको, असे चार लोकांसमोर बोलले. डॉक्टर धुराडे खिशात टाकून निघून गेला.

दुपारपर्यंत खबर आली. मालधक्क्याजवळच्या चहाच्या टपरीवर आमचा एक मुखबिर बसायचा. त्याने सांगितले की मंगळवारी भर दुपारी एका ई-रिक्षातून, तोंडाला स्कार्फ बांधलेली एक बाई तांदळाची बोरी, म्हणजे पोते, घेऊन त्या दवाखान्यात गेली. बोरी सारखी खडखडत होती, म्हणून रिक्षावाल्याच्या लक्षात राहिली. मी मनात गोष्ट जुळवून टाकली. डॉक्टरने कोणातरी बाईला हाताशी धरले, अपमानाचा सूड घेतला, रविवारी म्हाताऱ्याची फजिती करायची. संध्याकाळी डॉक्टरला ठाण्यात बोलावले.

चौकशीत माझी पद्धत साधी होती. चहा द्यायचा आणि गप्प बसायचे. निर्दोष माणूस गप्पपणाला कंटाळून बोलतो, दोषी माणूस त्याला घाबरून बोलतो. हा डॉक्टर दोन्ही न करता चहा पीत बसला. चोरी झाली म्हटल्यावर माणूस आधी विचारतो, कधी झाली. याने विचारले नाही. त्याच्या उजव्या अंगठ्याचे नख तुटलेले होते आणि बोटांच्या टोकांवर लाल, गोल ठसे उमटले होते. मी बोरीचा विषय काढला तेव्हा त्याने कप खाली ठेवला.

"मी चोरी केली नाही, साहेब. बाकी मले काही विचारू नका. रविवारपर्यंत थांबा."

आरोपीने पोलिसाला तारीख द्यावी हे मला काही रुचले नाही. मी आवाज चढवला. दवाखान्याची झडती घेईन म्हणालो. तो शांतपणे म्हणाला की उद्या सकाळीच या, मी अडवत नाही, फक्त मागच्या खोलीत बूट काढून या. नोकरीत मी अनेक झडत्या घेतल्या, पण मोज्यांवर घेतलेली ती एकच.

शुक्रवारी सकाळी मागच्या खोलीचे दार उघडले आणि हवालदाराने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिले. खोलीच्या मधोमध, मोठ्या टेबलावर, स्टेशन होते. पण अर्धे. फलाट आणि टाकी उभी होती, तिकीटघराच्या भिंती अर्ध्यापर्यंत आल्या होत्या. भोवती औजारे ठेवायचे स्टीलचे ट्रे, असे वीसपंचवीस, आणि प्रत्येकात तुकडे. सगळे रंग एकत्र, पण एका ट्रेमध्ये एकाच आकाराचे. भिंतीवर स्टेशनाचे जुने फोटो मोठे करून लावलेले.

सूड घेणारा माणूस फोटो लावून पुन्हा बांधत बसत नाही, एवढे मलाही कळत होते. मी ट्रे बघत फिरू लागलो. एक ट्रे कापसाने झाकलेला होता. कापूस उचलला. आत सिग्नलचा हात, फलाटाच्या छपराचा कोपरा, टाकीची शिडी, असे नाजूक भाग होते, आणि प्रत्येकाच्या सांध्यावर पिवळट रेघ होती. गोंद.

तुम्ही गोंद वापरता का, असे मी विचारले. डॉक्टर पुढे आला आणि त्याने कापूस पुन्हा होता तसा पसरला.

"हे पंचनाम्यात लिहू नका, साहेब. हे माहं नाही. बोरीतून असंच आलं."

पाठीमागे बांधलेले हात, खिशातला चष्मा, न उचललेला कप, वेडीवाकडी सही. सगळे मी पाहिले होते, आणि पाहून काही उपयोग केला नव्हता. म्हाताऱ्याचे हात कापत होते. शेवटचे तुकडे त्याच्याने बसेनात, तेव्हा ज्या गोष्टीवरून मित्र तोडला तीच त्याने दाराला कडी लावून केली होती. डॉक्टरला ते बोरी उघडल्यावर कळले. तेव्हापासून तो तोंड शिवून बसला होता. मला स्वतःची लाज वाटली.

एवढ्यात मागच्या दाराने सून आत आली. हातात डबा होता. मला पाहून ती स्टुलावर बसली आणि तिने सगळे सांगून टाकले. गार्डसाहेब लग्नाला गेले त्या सकाळी पडदे धुवायला काढताना स्टूल सरकले, ती टेबलावर आदळली आणि अख्खे स्टेशन फरशीवर पडले.

"बाबाच्यानं आता चमचा धरल्या जात नाही," ती म्हणाली. "त्यायले वाटते आमाले दिसत नाही. हे पुन्हा कोण बनवून देईल? मले डॉक्टरभैयाशिवाय कोणी आठवलंच नाही."

तिने एकेक तुकडा वेचून बोरीत भरला होता. सासरे शनिवारी रात्री येतील अशी तिची समजूत होती. ते बुधवारीच परतले आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेले. मग तिची जीभ उचलेना. गोंदाचे मात्र तिला काहीच माहीत नव्हते आणि डॉक्टरने सांगितलेही नव्हते.

कायद्याने तिथे काही उरले नव्हते. चोरी नव्हती, चोर नव्हता. मी ठाण्यात परत येऊन गार्डसाहेबांना फोनवर कळवले की माल मिळाला आहे, रविवारी ओळख पटवायला प्रदर्शनाच्या जागीच या. कोणाकडे मिळाला, हे त्यांनी तीनदा विचारले. चौकशी चालू आहे, असे मीही तीनदा सांगितले.

शनिवारी माझी साप्ताहिक सुटी होती. मी दवाखान्यात गेलो आणि हवालदारालाही नेले. आम्हाला तुकडे निवडायचे काम मिळाले. हवालदाराने उत्साहाने लालात लाल, पांढऱ्यात पांढरे असे सुंदर ढीग केले आणि डॉक्टरने कपाळाला हात लावला. पांढऱ्या ढिगात पांढरा तुकडा कसा सापडणार? रंग डोळ्याला लांबूनही दिसतो, आकार शोधावा लागतो, म्हणून निवडायचे ते आकाराने. हवालदार "हव, डॉक्टरसाहेब" म्हणत पुन्हा सगळे मोडून बसला. मी एकदा अडकलेला तुकडा दाताने सोडवायला गेलो तर दातांचा डॉक्टर असा ओरडला की मी दचकलो.

रविवारी नवा रायपूरच्या त्या सभागृहात किल्ले होते, विमाने होती, एका बाईंनी केलेली भाजीची अख्खी बाजारपेठ होती. आमचे स्टेशन मधल्या टेबलावर होते. छोट्या लाइनचे म्हातारे सोबती आधीच येऊन खुर्च्यांवर बसले होते. गार्डसाहेब आले, डॉक्टरला पाहून थबकले, पण स्टेशनापर्यंत गेले. हात पाठीमागेच होते.

सुनेने तेवढ्यात त्यांना गाठले. "बाबा, माह्या हातून पडलं. डॉक्टरभैयानं पुन्हा बनवलं."

त्यांनी तिच्याकडे बघितले. "मंग सांगितलं काहून नाही?"

"भेव लागलं."

त्यांनी टेबलाभोवती एक पूर्ण फेरी मारली. मग त्यांचा उजवा हात बाहेर आला. सगळ्यांदेखत कापत होता. त्यांनी सिग्नलच्या हाताला बोट लावले. तो वर झाला, खाली आला, पुन्हा वर झाला. छपराचा कोपरा हलकेच ओढला, तर तो निघून हातात आला. त्यांनी तो उलटून त्याचा स्वच्छ सांधा पाहिला. डॉक्टर छताकडे पाहत होता. मला वाटले, आता ते माल आपलाच म्हणतील, मी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे माल ताब्यात दिल्याच्या कागदावर, सही घेईन आणि सगळे झाकले जाईल.

"साहेब, ओळख पटत नाही," गार्डसाहेब मोठ्याने म्हणाले. "हे माहं स्टेशन नाही. माह्या स्टेशनात गोंद होता."

खुर्च्यांवरचे म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. डॉक्टर चटकन पुढे झाला.

"कुठचा गोंद, दादा? मले तर नाही दिसला."

"खोटं बोलू नको, डॉक्टर. सात महिने मी तुले नावं ठेवून राहिलो आणि घरात लपून गोंद लावून राहिलो." मग आवाज खाली आला. "हात चालत नाही रे माहे."

डॉक्टरचे डोळे भरून आले होते. माझेही, हे इथे लपवण्यात अर्थ नाही. हवालदार मात्र उगाच गर्दी हटवू लागला, जी नव्हतीच.

गार्डसाहेबांनी नाक पुसले आणि नेहमीच्या सुरात विचारले, "ते धुराडं कुठं आहे? फेकलं का?"

डॉक्टरने खिशात हात घातला. सात महिने ते त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेले होते. त्याने ते सोडवले आणि बसवायला वाकला, तर गार्डसाहेबांनी त्याच्या हातातून घेतले. इंजिनावर ते बसवायला त्यांना खूप वेळ लागला. तीनदा घसरले. जुना ड्रायव्हर खुर्चीवरून उठून उभा राहिला. चौथ्यांदा ते खटकन बसले आणि त्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुपूर्दनाम्यात मालकाच्या जागी दोघांची नावे लिहा, असा गार्डसाहेबांनी आग्रह धरला. मी लिहिली. सही त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर केली. डॉक्टरने कागद धरून ठेवला होता.

पस्तीस वर्षे मी लोक पोलिसांपासून काय लपवतात ते शोधत आलो. त्या आठवड्यात मला कळले की माणूस सर्वांत जास्त कष्ट घेतो ते आपले थकणे आपल्याच माणसांपासून लपवायला, आणि आपल्या माणसांना ते आधीच दिसलेले असते. बरेचदा दोन्ही बाजू एकमेकांना जपत गप्प बसतात आणि तक्रार ठाण्यात येते. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कळायला हवे होते.

आता मीही दर रविवारी त्या मागच्या खोलीत असतो. सध्या तिथे छोट्या लाइनवरच्याच राजीमचे स्टेशन उभे राहते आहे. कोणता तुकडा कुठे, हे गार्डसाहेब सांगतात, डॉक्टर बसवतो, आणि मी अजूनही आकाराप्रमाणे निवडतो, कारण त्याहून वरचे काम मला कोणी देत नाही. मधूनच गार्डसाहेब म्हणतात, "आण, हा मी लावतो." मग आम्ही हातातले काम ठेवून थांबतो. लागेल तेवढा वेळ.