ताटाच्या फोटोवरून सासूबाई दुखावल्या

मैत्रिणींनो, वजन कमी करायचं ठरवल्यापासून मी रोज ताटाचा फोटो आपल्या ग्रुपवर टाकते, हे तुम्हाला माहीतच आहे. मी हे फोटो का काढते, ते माझ्या घरात मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

आज दुपारी दुकानातून जेवायला घरी आले. सासूबाईंनी दोघींसाठी भाकर, वरण आणि अंबाडीची भाजी वाढली. मी फोटो काढला, तसा त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"माह्या हातचं जेवण रोज कोणाले दाखवून राह्यली तू? तुह्या आईले?"

मला काही कळेना. मग त्याच म्हणाल्या, "सासू नुसती भाजीभाकर खाऊ घालते, असं सांगत असशीन."

आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. इतके दिवस हे मनात ठेवून त्या माझ्यासाठी रांधत होत्या!

त्यांच्याजवळ सरकून मी ग्रुप उघडून दाखवला. तुम्हा सगळ्यांची ताटं त्यांनी निरखून पाहिली. एका फोटोवर थांबल्या. "हे बाई एवढंसंच खाते? चक्कर येईन ना तिले!"

दोघींनाही हसू आलं.

संध्याकाळी मी वडनेरच्या रस्त्याला फिरायला निघाले, तर त्या चपला घालून दारात उभ्या. वाटेत भेटेल त्या बाईला थांबवून सांगत होत्या, "सून वजन कमी करून राह्यली. मी सोबतीले आहो."

तुम्ही घरी सांगितलंय ना, हे फोटो कशासाठी काढता ते?