संमोहनाची खुर्ची

चौक गावात माझ्या गॅरेजच्या वर एका बाईंनी संमोहन उपचार सुरू केले. रीतसर शिकलेल्या, नोंदणी केलेल्या. तरी लोक भगताकडे जावं तसे नारळ-लिंबू घेऊन जिना चढायचे. बाई न चिडता नारळ परत पिशवीत घालून द्यायच्या.

चिडलेल्या एकदाच पाहिल्या. मी पंखा बसवायला वर गेलो होतो. एक सासू सुनेला दंडाला धरून घेऊन आली. "हिला झोपवा नि इचारा, फोनवर कोनाशी बोलते ती."

बाईंनी चष्मा काढला. "खुर्चीत तुम्ही बसा. विचारायचं ते सून विचारेल."

सासू सुनेला फरफटत खाली उतरली. जाताना मलाच ऐकवलं, "बाईला काय येत नाय."

आता सगळं गाव तेच म्हणतं. त्यातला एकही आजवर त्या खुर्चीत बसलेला नाही.