उसनी कढई

मासिकातल्या कथेतली माई आपल्या विधवा शेजारणीकडून तिळाचे लाडू वळून घेते आणि हळदीकुंकवाच्या बायका यायच्या वेळी तिला म्हणते, "तू आता घरी जा हं." लेखकानं 'जुन्या वळणाची' म्हणून माईला माफ केलंय. कसलं वळण? शेजारणीचे हात चालतात आणि कपाळ तेवढं चालत नाही, हा सोयीचा हिशेब आहे. मी मासिक आपटलं.

"अहो, गोष्टीतली बाई ती!" बायको हसली.

"आज आपल्याकडच्या हळदीकुंकवाला समोरच्या वहिनींना बोलावलंस?" वहिनींचे यजमान गेल्या वर्षी गेले.

"बाकीच्या बायकांना आवडायचं नाही हो."

ओट्यावर गुळाचा पाक उकळत होता, वहिनींच्याच कढईत. मी गॅस बंद केला.

"आधी आमंत्रण देऊन ये. नाहीतर कढई परत देऊन येतो."