कूलरला खिडकी उघडी, एसीला बंद

राजस्थानच्या सीमेवर पोस्टिंग आली तेव्हा मी हवालदार होतो. माझं गाव किन्हवली, तालुका शहापूर. फौजेत माझा ट्रेड फ्रिज-एसी मेकॅनिकचा. पोस्टवर नवी एमआय रूम, म्हणजे आजारी जवानांची खोली, बांधून झाली होती. तिला किती टनाचा एसी लागेल आणि हिवाळ्यासाठी केवढा हीटर, हे मी सांगायचं होतं. सोपं काम वाटलं. डोंबल सोपं!

खोलीची लांबी-रुंदी मोजून टन काढायला कोर्समध्ये शिकवलं होतं. इथे ते गणित जुळेना. दुपारी छत तव्यासारखं तापायचं आणि जानेवारीत पहाटे त्याच छताखाली रजई पुरायची नाही. मोठा एसी लावला तर पोस्टचा जनरेटर लोडने बंद पडणार, लहान लावला तर दुपारभर धापा टाकणार. दार दर पाच मिनिटांनी उघडणार, त्याचा हिशेब कुठे धरायचा ते कळत नव्हतं.

सुभेदार साहेबांनी विचारलं, "कितने टन?"

"साब, गर्मी का अलग, सर्दी का अलग..."

"कमरा एक है. एक नंबर बता."

मी दीड टन सांगितलं. एसी बसला. शिवाय स्टोअरमधून एक मोठा कूलर आला, तो खिडकीत लावला.

कूलरवर माझा विश्वास नव्हता. आमच्या शहापूरकडे मे महिन्यात कूलर लावला तर अंग आणखी चिकट होतं. शिपाई दत्तू मुरबाडकडचा, म्हणजे माझा गाववाला. तोही कूलर बघून हसला होता.

"दादा, इथं सगलं उलटंच हाय. गरम झालं का आपण दारं उघडतो, ही मानसं लावून घेतात."

"अरे, बाहेर लू असते, भाजणारा वारा."

"मंग या कूलरला खिडकी उघडी कशाला लागते?"

मी मेकॅनिक आणि तो शिपाई, तरी मी त्याला पाना धरायला सांगून विषय बदलला.

मे महिन्यात एका दुपारी, साधारण १४०० वाजता, वायरलेस बोलला. "एक कॅज्युअल्टी. हीट स्ट्रोक. गाडी रेत में फँसी है. पैदल ला रहे हैं. ओव्हर."

गस्तीवरच्या त्या जवानाला पाठीवर घेऊन आला तो दत्तू. जवान बेशुद्ध, अंग निखाऱ्यासारखं. मी एसी फुल केला. कोणीतरी कूलरही चालू केला. एकाला खिडकी बंद हवी, दुसऱ्याला उघडी. दोघं एकमेकांशी भांडत राहिले आणि खोली तापतच गेली. हवेत ओल चढली असं समजून मी कूलर बंद केला. तेवढ्यात एसीचा कॉम्प्रेसर ट्रिप होऊन बंद पडला. मी पाना हातात धरून नुसता उभा. काय बंद करू नि काय चालू करू, काही सुचेना.

नर्सिंग असिस्टंट ओरडला, "एसी छोडो! खिडकी खोलो! कूलर चलाओ, पानी डालो!"

मी खिडक्या उघडल्या. जवानाला ओल्या चादरीत गुंडाळून कूलरसमोर ठेवलं. दत्तू टाकीवरून बादल्या आणून कूलरमध्ये ओतत होता. "तू बस, पाणी पी," मी म्हणालो. "मला काय नाय झालं," म्हणाला आणि बादली घेऊन पुन्हा गेला. त्या कोरड्या हवेत कूलरचा झोत खरोखर गार लागत होता. माझा विश्वास बसेना. अर्ध्या तासाने जवानाने डोळे उघडले. सुभेदार साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

बादली मात्र बराच वेळ आली नव्हती. दत्तू टाकीमागे पडलेला सापडला. अंगाला घाम नाही, बडबड चालू. आमच्याकडच्या बोलीतली ती बडबड फक्त मला समजत होती. तो आईला हाका मारत होता. त्यालाही ओल्या चादरीत गुंडाळलं, कूलरसमोर ठेवलं, ॲम्ब्युलन्सने हॉस्पिटलकडे काढलं. वाटेतच तो गेला.

आता मी शहापुरात एसी बसवतो. लोक विचारतात, बेडरूमला किती टन? मी बघूनच सांगतो आणि चुकत नाही. त्या खोलीला किती टन लागत होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एसी मोठा असता तर कूलरची आणि बादल्यांची वेळच आली नसती, असं एकदा वाटतं. मग जनरेटर आठवतो आणि पुन्हा डोकं चालेनासं होतं.

दर मे महिन्यात मी दत्तूच्या आईकडे जातो. मुरबाडच्या पुढे घर आहे. घर कसलं, चारी बाजूंनी उघडं. दार सहसा लावतच नाहीत. मागच्या खेपेला तिनं मला पाणी दिलं आणि समोर बसली. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"तिथं वारा व्हता का रे?"

ती लू होती, अंग भाजून काढणारी.

"व्हता, आये. खूप वारा व्हता."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मंग बरं झालं," म्हणाली.