माने सरांच्या संध्याकाळच्या लहरी

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात कुणाचा तरी टेपरेकॉर्डर उघडून बसलो होतो. "झोपेतच गेले, त्रास काही झाला नाही," सरांच्या घरून वहिनी म्हणाल्या. वाईट वाटलंच, पण त्याच्याही आधी एक जुनी टोचणी जागी झाली. या माणसाच्या हातातला घास मी काढून घेतला होता. तो त्यांना परत कधी मिळाला का, हे विचारायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही...

माझं मंगळवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान. नव्वदीच्या सुरुवातीला कॉलेजात फिजिक्स शिकवणारे माने सर एक बिघडलेलं यंत्र काखेत मारून आले आणि मी त्यांच्या नादाला लागलो तो लागलोच. गडमुडशिंगी गावात तात्या म्हणून एका शेतकऱ्याच्या रानात, विजेच्या तारांपासून लांब, सरांनी तारेची मोठी गुंडाळी जमिनीत पुरली होती. बाजूच्या खोपटात यंत्राचं पेन कागदावर रेघ ओढत राहायचं. सर सांगायचे, सूर्यावरच्या वादळानंतर तिकडून आलेले कण पृथ्वीच्या चुंबकी विळख्यात अडकतात आणि तिथे लहरी उठतात. त्यांची उठायची आवडती जागा म्हणजे खूप उंचावर, जिकडे पृथ्वीवर दुपार कलून संध्याकाळ होत असते ती बाजू. त्या इथवर पोचल्या तर कागदावर फुगत-निवळत जाणारी रेघ उमटते, मोत्यांच्या माळेसारखी. जवळ लोखंड हललं तरी पेन हलतं, म्हणून एवढ्या माळेसाठी हा माणूस आम्हाला किल्ल्या, पट्टा, घड्याळ सगळं बांधावर काढायला लावायचा. कॉलेजातले लोक हसायचे. सर कागद बदलायला रोज सकाळी जायचे, आणि एका उन्हाळ्यात खरंच माळा दिसू लागल्या. रोज संध्याकाळी! सरांनी निबंध लिहिला, परिषदेला पाठवला. तो वाचायला आठवडा राहिला असताना पेन अडकायला लागलं म्हणून मी एकटाच संध्याकाळी तिकडे गेलो.

पेन सुरू केलं आणि सहज बाहेर पाहिलं. गुंडाळी पुरली होती तिथल्याच बाभळीला तात्यांची म्हैस बांधलेली. गळ्यात दाव्याऐवजी लोखंडी साखळी. रवंथ करताना जबड्याबरोबर साखळी हलायची, मिनिटभराने घास गिळून म्हैस थांबायची, की पेनचं हलणंही थांबायचं. पुन्हा जबडा, पुन्हा पेन. मी बाहेर जाऊन तात्यांना गाठलं.

"तात्या, हितं म्हस कवापास्नं बांधताय?"

"उनं वाढली तवापास्नं. लोखंड आणू नका म्हणालते की सर. इळा, खुरपं समदं बांधावर ठेवतोय. म्हस काय लोखंडाची हाय व्हय?"

दोन दिवस मी गप्प राहिलो. खरं बोलावं तर सरांचं हसं, न बोलावं तर चार जाणत्या लोकांत त्याहून मोठं. तिसऱ्या दिवशी सरांच्या घरी जाऊन एका दमात सांगून टाकलं. सर असे मोठ्यांदा हसले की वहिनी बाहेर आल्या.

"सुटलो की ओ मिस्त्री! दोन महिने झोप न्हाई मला. वर त्या संध्याकाळी उठत्यात, पण दिवसा वरच्या हवेचा थर त्यांना गिळतोय. हितं आपल्यापातूर आल्याच तर रात्री न्हाईतर पहाटं यायच्या, त्याबी वादळानंतर. ह्या रोज ठरल्या वेळंला कशा येत्यात?" त्याच दिवशी तार करून त्यांनी निबंध मागे घेतला. पण पुढे माझ्याशी त्या लहरींचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मीही नाही. यंत्र मात्र कितीतरी वर्षं चालू होतं...

परवा भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी कपाटातून कागदांचा गठ्ठा आणून दिला. "तुम्हीच ठेवा, मला यातलं कळत नाही." संध्याकाळची माळ असलेल्या प्रत्येक कागदावर लाल पेन्सिलीने एकच शब्द होता, 'म्हैस'. चाळत गेलो. अगदी तळाशी एक कागद निराळा निघाला. त्यावर बारीक, नाजूक माळ होती, आणि खाली सरांचं अक्षर : 'पहाट. वादळानंतरचा तिसरा दिवस. तात्यांना दोनदा विचारून आलो, रात्रभर गोठ्यात होती. ही म्हैस नव्हे.'

वहिनींसमोरच मी हसलो आणि रडलो. त्यांनी काय झालं विचारलं. म्हटलं, "वहिनी, सरांना त्यांची माळ घावली हो."