पपांचा हरवलेला ठोका

आमचे पपा दोनदा वारले. पहिल्यांदा माझ्यामुळे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि मी वसईतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे मदतनिसाचं काम शिकत होते. सुया उकळणं जमलं, पट्ट्या बांधणं जमलं, ब्लडप्रेशर काही जमेना. शेवटी बाईंनी यंत्रच घरी दिलं. "शनिवारी माझ्यासमोर घ्यायचं. नाही आलं, तर मी दुसरी मुलगी बघते." म्हणजे मग आई मला वाडीत केळींना पाणी घालायला जुंपणार! त्या धास्तीने माझी झोप उडाली होती.

सराव करू कुणावर? आई म्हणाली, "माझा हात आवळू नको, मला भाकऱ्या थापायच्यात." राहिले पपा. ते रातपाळी करून आले होते आणि ओटीवरच्या खाटेवर मेल्यासारखे झोपले होते. (पपा घोरत नसत. हा त्यांचा दुर्गुण मला त्या दिवशी कळला.) मी पट्टा बांधला, फुगा दाबला, नळ्या कानात घातल्या. शुकशुकाट! पुन्हा दाबला. पुन्हा तेच. दमून मला रडूच कोसळलं.

"आई गो! पपांचा ठोकाच लागत नाही!"

नेमकी शेजारची रोजामावशी कुंपणापाशी होती. भाजीची टोपली तिथेच टाकून ती देवळाकडे, म्हणजे आमच्या चर्चकडे, धावत सुटली. "मावशी, थांब!" म्हणेपर्यंत ती वळणापलीकडे गेली होती. मला शनिवार दिसत होता. मी पुन्हा फुगा दाबला.

थोड्या वेळाने मान वर केली, तर अंगणभर माणसं! बायकांनी माळ हातात घेऊन रोजरीची प्रार्थना सुरू केली होती. एका काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रड बाय, रड." फादर शेवटच्या घटकेला लावायचं पवित्र तेल घेऊन आले. डॉक्टरीणबाई धापा टाकत आल्या. आणि देवळातून मयताची घंटा वाजू लागली.

ती ऐकून कुणीही वसईकर विचारतो तेच पपांनी डोळे न उघडता विचारलं, "कोण गेलं?"

"तुम्ही!" रोजामावशी किंचाळली.

"बरं," म्हणून पपा कुशीवर वळले.

बाईंनी स्टेथोस्कोपची चकती बोटाने अर्धी फिरवली. "उलटी होती. आता घे."

अख्ख्या गावासमोर घेतलं. ठोका लागला! मी आकडा सांगितला, बाईंनी तपासून मान हलवली. एवढ्यात फादरांनी झग्याची बाही वर सारली, "आलोच आहे तर माझंही बघ." त्यांच्यामागे रांग लागली. दिवेलागणीपर्यंत फुगा दाबून दाबून माझी बोटं आखडली.

शनिवारी बाईंनी मला कायमचं ठेवून घेतलं. मी ऐटीत विचारलं, "माझा हात बसला ना, बाई?"

"हात बसेल हळूहळू," बाई म्हणाल्या. "पण एका खोट्या मयतावर एवढे पेशंट जमवणारी मुलगी मला कुठे मिळणार?"